नॅनच्या गल्लीत सहा दिवस

दिवस पहिला : मँचेस्टर ते बर्नली

गाडी समिटच्या बोगद्यात शिरली आणि दादा आकडे मोजू लागला. साठी उलटून गेली तरी अंधारात त्याचे ओठ १९७० साली हलायचे तसेच हलत होते. लिटलबरो आणि टॉडमॉर्डनच्या मधला हा बोगदा १८४१ साली सुरू झाला, तेव्हा तो जगातला सगळ्यांत लांब रेल्वे बोगदा होता. ही माहिती बाबांची. पहिल्यांदा या वाटेने आलो तेव्हा मी चार वर्षांची होते, दादा नऊ वर्षांचा. अंधाराला घाबरून मी आईच्या शालीत तोंड खुपसलं होतं, आणि मला धीर यावा म्हणून दादा मोठ्याने आकडे म्हणत होता.

त्या काळी मँचेस्टरहून बर्नलीला या मार्गाने थेट गाडी नव्हती. टॉडमॉर्डनला उतरायचं, पेट्या ओढत बस गाठायची. टॉडमॉर्डनच्या टाउन हॉलवरून बस गेली की बाबा हटकून सांगायचे, "या इमारतीच्या पोटातून पूर्वी लँकेशायर आणि यॉर्कशायरची हद्द जायची." १८८८ सालापर्यंत ती तशी जात होती. रुळांचं एक लहानसं वळण २०१५ साली पुन्हा सुरू झालं आणि आता गाडी टॉडमॉर्डनला वळसा घालून सरळ बर्नलीच्या मँचेस्टर रोड स्टेशनात येते. एवढ्याशा वळणासाठी गावाने किती वर्षं वाट पाहिली!

बाबा १९६९ साली इथल्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून आले. उत्तर इंग्लंडातल्या गिरणगावांना आणि वेल्सच्या खाणींच्या गावांना तेव्हा डॉक्टर हवे होते. तिथले तरुण डॉक्टर मोठ्या शहरांकडे जायचे आणि आपल्याकडचे अशा गावांत रुजू व्हायचे. आम्ही मागून आलो आणि १९७८ पर्यंत राहिलो. आमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ. आजोबांची कापसाची शेती होती. दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जायला 'शकुंतला', म्हणजे ती नॅरोगेज गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. मँचेस्टरच्या फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या दादाने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "शकुंतला इथंच बनली का?"

संध्याकाळी उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता. डोंगरांच्या कुशीतलं गाव, ओले काळपट दगड, पाटीचे दगड घातलेली छपरं. धुराडी मात्र नाहीत. तेव्हा ती इतकी होती की मला चित्र काढायला सांगितलं की मी घराआधी धुराडं काढायची.

दिवस दुसरा : गल्ली, उंबरा, कालवा

सकाळी न्याहारी झाल्यावर पायीच निघालो. दादाला रस्ता पाठ होता. माझ्या पायांना चढ आठवत होता, नावं नाही.

इथे 'टेरेस' म्हणजे गच्ची नव्हे. एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची लांबलचक ओळ म्हणजे टेरेस. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात संडास. दोन घरांच्या मधून मागच्या बाजूला जाणारा बोळ म्हणजे 'गिनेल'. आमची पहिली दोन-तीन वर्षं अशाच एका भाड्याच्या घरात गेली. शेजारी एक आजी राहायच्या. गल्लीतली सगळी मुलं त्यांना 'नॅन' म्हणायची, म्हणून आम्हीही. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्या मागावर उभ्या होत्या. आम्ही आलो तेव्हा नुकत्याच घरी बसल्या होत्या. कान जवळजवळ गेलेले, पुढचे दात नाहीत.

आईला इंग्रजी येत नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेली, दारव्ह्याच्या पलीकडे फारसं न पाहिलेली तिशीतली बाई. बाबा रात्रंदिवस रुग्णालयात, आम्ही शाळेत. ती दिवसभर खिडकीत बसायची. पण महिनाभरात असं झालं की मी शाळेतून यावं आणि नॅन आमच्या स्वयंपाकघरात असावी, समोर चहा, आणि दोघींचं बोलणं रंगलेलं. आवाज मात्र नाही! नॅन तोंड मोठं करून, एकेक शब्द ओठांवर घडवून दाखवायची. सोबत भुवया, हात, खांदे. आईसुद्धा तशीच मराठीत उत्तर द्यायची, तेही बिनआवाजी.

गिरणीतल्या बायकांच्या या बोलण्याला इकडे 'मी-मॉ' म्हणतात. मला तेव्हा वाटायचं, 'मी' म्हणजे मी आणि 'मॉ' म्हणजे आई.

घर सापडलं. दार आता निळं आहे. आम्ही समोर उभे राहून कुजबुजत होतो, तेवढ्यात एक तरुण मुलगी बाळाची गाडी ढकलत बाहेर आली आणि "हरवलात का, लव्ह?" म्हणाली. डोक्यावर ओढणी, बोली मात्र अस्सल बर्नलीची. आम्ही का आलो ते सांगितलं, तर तिने आत बोलावून चहाच केला. तिचे आजोबा साठच्या दशकात पाकिस्तानातून येऊन गिरणीत रात्रपाळीला लागले होते. नवी महागडी यंत्रं चोवीस तास चालवल्याशिवाय मालकांना परवडत नव्हतं, स्थानिक माणसं रात्रपाळीला तयार नव्हती, म्हणून उपखंडातली माणसं आली. गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण पाहिलं. दोरी अजून त्याच खिळ्याला बांधलेली असावी असं मला वाटलं. दादा म्हणाला, "खिळा नवा आहे."

निघताना मी उंबऱ्याजवळ वाकले. दगडाची पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली. नॅन दर शुक्रवारी गुडघ्यावर बसून आपली पायरी घासायची आणि मग 'डाँकी स्टोन' घेऊन पायरीच्या कडेला फिक्या पिवळसर रंगाची पट्टी ओढायची. दगडाची पूड, सिमेंट आणि ब्लीचची पावडर एकत्र करून त्याच्या वड्या पाडलेल्या असत. चिंध्या-भंगार गोळा करणारा गाडीवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात ती वडी द्यायचा, आपल्याकडे बोहारीण भांडी देते तशी. ज्या घरची पायरी मळकट, त्या घरच्या बाईबद्दल गल्लीत बोललं जायचं. या वड्या बनवणारा शेवटचा कारखाना ॲश्टन-अंडर-लाइनला होता, तो १९७९ साली बंद झाला.

आमच्या पहिल्या दिवाळीला आईने उंबऱ्यावर रांगोळी काढली आणि तासाभरात पावसाने नेली. पुढच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी नॅन स्वतः आली, आमची पायरी घासली, कडेने पट्टी ओढली आणि मधली जागा मोकळी सोडली. आईकडे पाहून बोटांनी ठिपके टाकल्यासारखं केलं. दोघींनी मिळून वर मेणकापड धरलं होतं, हे दादाला आठवतं. मला फक्त आईचे हात आठवतात.

दुपारी कालव्यावर गेलो. लीड्स आणि लिव्हरपूल जोडणारा हा कालवा १७७० साली खोदायला घेतला आणि १८१६ साली पुरा झाला. १२७ मैलांचा. बर्नलीत तो दरी ओलांडतो ती उंच भरावावरून. साठ फुटांपर्यंत उंच असलेल्या या बांधाला 'स्ट्रेट माइल' म्हणतात, पण लांबी मैलाला बरीच कमी आहे. एका हाताला खाली गावातली घरांची छपरं, दुसऱ्या हाताला पाणी. सप्टेंबर असल्यामुळे काठाच्या झुडपांना ब्लॅकबेरी लगडल्या होत्या. दादाने रुमाल भरला. बोटं जांभळी झाली, आपल्याकडे जांभळांनी जीभ होते तशी.

दिवस तिसरा : हार्ल साइक

आजच्या दिवसासाठीच मी आले होते.

हार्ल साइक हे बर्नलीच्या ईशान्येचं टेकडीवरचं गाव, म्हणजे एका रस्त्याच्या कडेला एकामागून एक गिरण्या आणि त्यांच्यासाठी वसलेली घरं. इथली क्वीन स्ट्रीट मिल १८९४ सालची. एका शेठजीने बांधलेली नव्हे. गावकऱ्यांनी, त्यांतल्या कित्येक विणकरांनी, भाग विकत घेऊन कंपनी काढली आणि गिरणी उभी केली. १९८२ साली ती बंद झाली तेव्हाही मागांना वाफेच्या इंजिनाचीच ताकद मिळत होती. आता ती संग्रहालय आहे. २०१६ साली पैशाअभावी कुलूप लागलं होतं, दोन वर्षांनी पुन्हा उघडली.

आधी इंजिन पाहिलं. पाचशे अश्वशक्तीचं, पितळ चकचकीत, नाव 'पीस'. पूर्वी ते 'प्रुडन्स' होतं, पहिल्या महायुद्धानंतर 'पीस' झालं. असं नाव बदलणाऱ्या गावातली किती माणसं परत आली नसतील! शेजारच्या ॲक्रिंग्टनची एक पलटण १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत सेर गावासमोर उतरली. सुमारे ७२० जणांतले ५८४ अर्ध्या तासात ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. तिच्यात बर्नलीचीही मुलं होती.

मग मागांचं दालन. एकमजली, कारण एवढे माग वरच्या मजल्यावर आपटू लागले तर इमारत टिकायची नाही. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड भरपूर पण ऊन थेट सुतावर नाही. तीनशेच्या वर माग रांगेने उभे, प्रत्येकाच्या डोक्यावरून चामड्याचा पट्टा छताखालच्या फिरत्या दांड्याकडे गेलेला. शंभर वर्षांपूर्वी बर्नलीत असे सुमारे एक लाख माग होते. हवा दमट, म्हणून सूत तुटत नाही, आणि खाली कोळसा. या गावाचं नशीब या दोन गोष्टींनी लिहिलं.

मार्गदर्शक बाईंनी ताणा दाखवला, बाणा दाखवला, बाण्याचं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्यात कांडी कशी बसते ते दाखवलं. मग धोटा ओठांशी नेऊन म्हणाल्या, "सुताचं टोक या भोकातून बाहेर काढायचं, तर ओढून घ्यायचं श्वासाने. दिवसातून शेकडो वेळा. एकीचा धोटा दुसरीच्या तोंडात." याला 'धोट्याचं चुंबन' म्हणायचे. तेल, धूळ, रोग, सगळं तोंडात जायचं. १९५२ साली बंदी आली. नॅनच्या दातांचं कारण मला इतक्या वर्षांनी कळलं. मी लहानपणी तिला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "सुताने खाल्ले, लव्ह." मला ते गोष्टीतलं वाटलं होतं.

आणि मग त्यांनी माग सुरू केले.

मोजकेच सुरू केले. तरीही माझ्या छातीच्या फासळ्या हलल्या. धोटा मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो आणि प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड आदळतं. ही खटखट नव्हती. भिंत पडावी आणि पडतच राहावी असा आवाज होता. एकेका बाईकडे चार माग. अशा तीनशे मागांमध्ये दिवसाचे नऊ-दहा तास, पन्नास वर्षं.

दादा माझ्याकडे वळून काही बोलला. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. तो म्हणाला, "नॅन इथं होती." मी म्हणाले, "हो." तोंड मोठं करून. पलीकडे उभ्या मार्गदर्शक बाईंनी ते पाहिलं आणि चालत्या मागावरून मला विचारलं, ओठांनीच, "तुला कुणी शिकवलं?"

बाहेर येऊन बाकावर बसलो. कानात अजून शिट्टी वाजत होती. आई आणि नॅन यांची दोस्ती मी आजवर एक गोड आठवण म्हणून सांगत आले. आज जाणवलं की नॅनची ती भाषा तिच्या कानांच्या मोबदल्यात आली होती. जिला ऐकू येत नाही तिला समोरच्याला शब्द येत नसल्याची अडचण वाटलीच नाही, कारण तिने सगळं आयुष्य शब्दांशिवायच काढलं होतं.

दुपारी संग्रहालयात कापसाच्या टंचाईबद्दल वाचलं. ही गोष्ट नॅनने आईला सांगितली होती, आणि आईने आम्हाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून यायचा, तो थांबला. गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस कापूस-पट्ट्यातले सुमारे पाच लाख लोक मदतीच्या शिध्यावर होते. नॅनची आजी तेव्हा लहान मुलगी होती, हातात भांडं आणि सूपचं तिकीट घेऊन रांगेत उभी राहायची.

मग आमचा कापूस आला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, कुठलाही असो, तिकडे त्याला एकच नाव, 'सुरत'. आणि सुरत म्हणजे शिवी! देशी वाणाचा धागा आखूड, मागावर चढवला की तुटे. पगार कापडावर मिळायचा, तेव्हा जितक्या वेळा सूत तुटेल तितके पैसे बुडाले. एका चर्चमध्ये प्रार्थना चालली होती, "देवा, आम्हाला कापूस पाठव," तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पण देवा, सुरत नको!" हा किस्सा लँकेशायरात आजही सांगतात. कुठलीही वाईट वस्तू 'सुरत' ठरू लागली.

मी कापूस पिकवणाऱ्या घरची मुलगी. तो वाईट का होता, हे मला सांगावंसं वाटतं. बैलांच्या तांड्यावर आठवडेच्या आठवडे प्रवास, वाटेत पाऊस, धूळ, आणि मधल्या दलालांनी वजनासाठी मिसळलेली माती नि सरकी. त्यासाठी मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाच करावा लागला. आमच्या भागातून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली, खामगावचा फाटा झाला १८७० साली. म्हणजे अमेरिकेतलं युद्ध संपून, भाव कोसळून, मुंबईत १८६५ साली सट्टेवाल्यांचं दिवाळं वाजून गेल्यानंतर. तेजीतला पैसा दलालांकडे गेला. मंदी मात्र शेतापर्यंत पोचली. इकडे रांगेत उभी असलेली ती मुलगी आणि तिकडे बांधावर उभे असलेले माझे खापरपणजोबा, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

दिवस चौथा : पेंडलच्या पायथ्याशी

पेंडल हा ५५७ मीटरचा डोंगर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड पाहिलेल्यांना तो टेकडीच वाटेल. पण सगळ्या प्रदेशात एकटा, पालथ्या होडीसारखा पसरलेला. बार्लीहून चढलो. वर इतका वारा की बोलणं पुन्हा ओठांवर आलं. १६५२ साली जॉर्ज फॉक्स इथे चढला आणि त्याला जो साक्षात्कार झाला, त्यातून पुढे क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला.

शाळेत मात्र आम्हाला या डोंगराची दुसरी गोष्ट सांगायचे. मार्च १६१२. ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब मुलीने कोल्नजवळ एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने नाकारल्या, तिने शिव्याशाप दिले, आणि तो माणूस तिथेच कोसळला. त्यावरून धरपकड सुरू झाली. त्या उन्हाळ्यात पेंडल परिसरातल्या १० जणांना चेटूक केल्याबद्दल फाशी झाली. साक्ष कुणाची? ॲलिझनच्या धाकट्या बहिणीची, जेनेटची. नऊ वर्षांची पोर. लँकेस्टरच्या कोर्टात तिला टेबलावर उभं केलं आणि तिने आईविरुद्ध, भावाविरुद्ध सांगितलं.

वर्गात मुलं चेटकिणीच्या टोप्या बनवत होती. मी घरी येऊन रडले. बाबांनी मांडीवर घेऊन विचारलं, त्या फेरीवाल्याचं तोंड वाकडं झालं होतं का, एक बाजू लुळी पडली होती का? तसंच झालं होतं. "अगं, मग त्याला पक्षाघात झाला. चेटूक कसलं!" बाबांचं ते वाक्य मला आयुष्यभर पुरलं. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं, तेव्हा मला पहिली आठवण जेनेटची झाली.

न्यूचर्चच्या दुकानांत आजही झाडूवर बसलेल्या बाहुल्या टांगलेल्या असतात. मला त्या विकत घ्याव्याशा वाटल्या नाहीत. रफली गावात ॲलिस नटर या फाशी दिलेल्या बाईचा पुतळा २०१२ साली उभा केला आहे, हातांत बेड्या, साधी वस्त्रं. तिथे थोडा वेळ थांबलो.

परतताना वायकॉलर. ओढ्यावर एका सलग शिळेचा प्राचीन पूल, जुन्या हवेलीचे अवशेष. इथे घरोघरी हातमाग होते. यंत्रमाग आले आणि हळूहळू गाव रिकामं झालं. इचलकरंजी-मालेगावच्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

दिवस पाचवा : नेल्सन, कोल्न, फुलरिज

आजचा दिवस बाबांचा. त्यांना इथे दोन गोष्टींनी तगवलं, कामाने आणि क्रिकेटने.

लँकेशायर लीग म्हणजे गिरणगावांचं क्रिकेट. शनिवारी दुपारी गिरणीतून सुटलेली माणसं खेळणार, आणि प्रत्येक संघात एकच पगारी खेळाडू. त्यासाठी ही गावं जगातून माणूस आणायची. नेल्सनने १९२९ साली त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टन्टाइन आणला. तो नऊ हंगाम खेळला आणि गावात १९४९ पर्यंत राहिला. मेरेडिथ स्ट्रीटवरच्या त्याच्या घरावर निळी पाटी आहे. ती पाहून दादाने टोपी काढली. विजय हजारे रॉटनस्टॉलकडून १९४९ साली खेळले. विनू मांकड हॅस्लिंग्डनचे पगारी खेळाडू, आणि १९५२ साली क्लबने सोडलं म्हणून ते लॉर्ड्सवर उतरले, ७२ आणि १८४ धावा केल्या. बाबा हे सगळं आम्हाला मैदानाच्या कुंपणाशी उभं राहून सांगायचे, हातात कागदाच्या पुडीतले व्हिनेगर घातलेले चिप्स. आम्ही परतल्यावर तीन वर्षांनी, १९८१ साली, कपिलदेव नेल्सनकडून खेळला. बाबांना ती चुकामूक कायम लागून राहिली.

कोल्नला वॉलेस हार्टलीचं स्मारक पाहिलं. बुडत्या टायटॅनिकवर वाजवत राहिलेल्या वाद्यवृंदाचा हा प्रमुख इथला. १९१२ सालच्या त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंचा लोंढा रस्त्यावर आला होता.

त्याच वर्षीची फुलरिजची गोष्ट मुलांना जास्त आवडायची. एक गाय कालव्यात पडली आणि काठावर यायचं सोडून बोगद्यात शिरली. १,६४० यार्ड, म्हणजे दीड किलोमीटर, अंधारात पोहत फुलरिजच्या तोंडातून बाहेर आली. लोकांनी तिला दारू पाजून शुद्धीवर आणलं. आईला ही गोष्ट नॅनने करून दाखवली होती, स्वतः गाय होऊन. आई हसत हसत जमिनीवर बसली होती. परदेशात आई इतकी हसलेली मी प्रथमच पाहिली.

दिवस सहावा : डार्वेन

ब्लॅकबर्नला गाडी बदलून डार्वेन. स्टेशनातून बाहेर येताच समोर इंडिया मिलचं धुराडं, ३०३ फूट, इटलीतल्या घंटाघरासारखं घडवलेलं. गिरणी १८६७ सालची. या भागातल्या मागांवर आपल्यासाठी धोतरं विणली जायची आणि व्यापारात त्यांना 'धूती' म्हणत. आमचा कापूस इकडे येई आणि धोतर होऊन आमच्याच बाजारात परत जाई.

म्हणून तर गांधीजी इथे आले. गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना सप्टेंबर १९३१ मध्ये ते डार्वेनला आले. विदेशी कपड्यावरच्या बहिष्काराने ज्यांचे माग थांबले, त्यांच्यासमोर जाऊन त्यांनी सांगितलं की इथे तीस लाख बेकार आहेत, तिकडे तीस कोटी लोक अर्धं वर्ष बेकार असतात. ग्रीनफील्ड मिलबाहेर २६ सप्टेंबरला काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. गिरणीतल्या बाया हात उंचावून ओरडताहेत आणि मधोमध पंचा नेसलेले गांधीजी. त्या बायांत एखादी नॅनची मैत्रीण असेल का, हे मला नेहमी वाटतं. बेकार झालेल्या माणसांनी ज्याच्यामुळे रोजगार गेला त्याचं असं स्वागत करावं, याची मला आजही नवलाई वाटते. शिध्याच्या रांगेची आठवण त्या घरांत अजून पुसली नसेल, एवढंच मला त्याचं कारण दिसतं.

स्प्रिंग व्हेलच्या बागेच्या वस्तीत, जिथे गांधीजी आले होते, एका बाकावर बसून अमरावतीला व्हिडिओ कॉल लावला. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. ऐकू जवळजवळ येत नाही, कानातलं यंत्र ती काढूनच ठेवते. भाची फोन धरून होती. मी आवाज न करता, ओठ मोठे करून म्हणाले, "आई, नॅनच्या गिरणीत गेलो होतो." तिला लगेच समजलं. तिनेही तसंच उत्तर दिलं. भाची बघतच राहिली.

आईने विचारलं, उंबऱ्याला कुणी दगड लावतं का? मी मान हलवली.

मग ती बराच वेळ बोलली. दुष्काळाच्या साली, १९७२ ला, आजोबांचं पत्र आलं होतं. पेरलेलं जळालं, बैल विकले. पत्र हातात घेऊन ती मागच्या पायरीवर बसली असताना नॅन भिंतीवरून डोकावली. आईला सांगता येईना. तिने आकाशाकडे बोट केलं, मूठ उघडून रिकामी दाखवली. नॅन घरात गेली आणि मटण-बटाट्याचं गरम भांडं घेऊन आली. आई मटण खात नसे, हे तिला ठाऊक नव्हतं. आईने त्या दिवशी ते खाल्लं. त्यानंतर दर आठवड्याला पोस्टमन येऊन गेला की नॅन भिंतीपाशी यायची आणि बोटं वरून खाली आणत विचारायची.

"काय विचारायची?" मी ओठांनीच म्हणाले.

आईने पडद्यावर बोटं वरून खाली आणली. पाऊस पडला काय वं तुमच्याकडं?